जिताड्याच्या गळासाठी दोरा कोणता?

पेणजवळच्या धरमतर खाडीत किंवा रोह्याखालील कुंडलिकेच्या खाडीत मोठा नकली मासा लावून जिताडा धरायचा असेल, तर गळाइतकेच दोऱ्याकडे लक्ष द्यावे. 40-50 ग्रॅमचे आमिष जोराने फेकताना दोऱ्याला मोठा हिसका बसतो. बारीक तंगूस तेथेच तुटतो आणि महागाचे आमिष खाडीत जाते.

मुख्य दोरा विणलेला, 30 पौंडी (सुमारे 13.5 किलो ताण सोसणारा) घ्यावा. तंगूस ताणला की लांबतो, त्यामुळे दूरवर दिलेला झटका गळापर्यंत नीट पोचत नाही. विणलेला दोरा फारसा लांबत नाही, शिवाय तेवढ्याच ताकदीला बारीक असल्याने आमिष लांब जाते.

मात्र तो थेट आमिषाला बांधू नये. जिताड्याच्या कल्ल्यावरील झाकणाची कड किती धारदार असते, हे तो साफ करणाऱ्यास सांगायला नको. उघाडीच्या दगडांवरची कालवेही असा दोरा क्षणात कापतात. मग मासा तोंडात गळ घेऊनच जातो. मोठा जिताडा बहुधा मादी असतो (हा मासा आधी नर असून पुढे मादी होतो), म्हणजे नुकसान एका माशाचे राहत नाही. यासाठी पुढे 50-60 पौंडी जाड तंगुसाचा मीटरभर तुकडा जोडावा. गाठ ओली करून आवळावी. प्रत्येक माशानंतर तुकडा बोटांतून फिरवून पाहावा. खरखरीत लागल्यास तेवढा भाग कापून पुन्हा बांधावे. कापलेले तुकडे बांधावर टाकू नयेत, बगळ्यांच्या पायांत अडकतात.

शेतातील तळ्यात कालवे नसतात, तेथे 20 पौंडी दोरा पुरतो. जाड तुकडा मात्र तेथेही हवाच.