विहिरीतले पोहणे आणि समुद्रातले पोहणे



हिवाळा आला की आपल्याकडे सहलीचे बेत सुरू होतात. उडुपीला गेलेली सहल बहुधा मलपे बंदरावरून बोटीने सेंट मेरी बेटावरही जाते. नारळाची झाडे, खांबांसारखे उभे काळपट खडक, निळे पाणी! बिदर-कलबुर्गीच्या मुलांनी हे जरूर पाहावे. मात्र एप्रिल २०२२ मध्ये केरळहून सहलीला आलेले तीन विद्यार्थी याच बेटावर समुद्रात बुडाले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये मुरुडेश्वरला कोलार जिल्ह्यातील शाळेच्या सहलीतील चार मुली दगावल्या, हेही लक्षात ठेवावे.

"मला पोहता येते की!" असे तुमच्यापैकी अनेक जण म्हणतील. खरे आहे. पाठीला डबा किंवा वाळलेला भोपळा बांधून विहिरीत शिकलेला मुलगा पोहण्यात कच्चा नसतो. पण विहिरीत चार हात मारले की पायरी हाताला लागते. समुद्राचे पाणी मात्र पोहणाऱ्यालाच ओढून नेते.

ते कसे? लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी परत जाताना एखाद्या अरुंद वाटेने जोरात आत वाहते. त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, म्हणून नवख्याला नेमकी तीच जागा शांत वाटते. हा प्रवाह माणसाला खाली खेचत नाही, किनाऱ्यापासून दूर नेतो. त्याच्याविरुद्ध सरळ किनाऱ्याकडे पोहू लागलेला पट्टीचा पोहणाराही दमतो आणि दमल्यावर बुडतो. अशा वेळी उताणे होऊन तरंगावे, हात वर करून हाक मारावी. अंगात ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर यावे, मग लाटांबरोबर तिरके परतावे.

लाल झेंडा दिसला तर पाण्यात पाऊल टाकू नये. लाल-पिवळे झेंडे असतील तेथे त्यांच्या मधल्या जागेतच, जीवरक्षकाच्या नजरेसमोर उतरावे. फोटोसाठी ओल्या खडकांवर चढू नये. शेवाळ निसरडे असते आणि लाट सांगून येत नाही.

पालकांनी संमतीपत्रावर सही करताना मुलाला पोहता येते का, फिट किंवा दम्याचा त्रास आहे का, हे लिहून द्यावे. संस्थेला विनंती की सहलीच्या बसमध्ये लांब दोर व घट्ट झाकणाचे दोन-चार रिकामे डबे ठेवावेत. मित्र बुडताना दिसला तर त्याच्यामागे उडी घेऊ नये. वाचवायला गेलेलेच अनेकदा बुडतात. जीवरक्षकाला हाक मारावी आणि दोर बांधलेला डबा मित्राकडे फेकावा. डब्याला दोर कसा बांधायचा, ते सहलीआधी शाळेच्या मैदानावर करून दाखवू.