घटक ६ : विधायक टीका आणि वैरभाव – ऑनलाइन खेळांतील भाषाव्यवहाराचा विचार

६.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला –
• सूट, विधायक टीका आणि वैरभाव या तीन भूमिकांमधील भेद सोदाहरण स्पष्ट करता येईल.
• एखादे वाक्य टीकेचे आहे की वैराचे, हे त्याच्या रचनेवरून तपासता येईल.
• ऑनलाइन खेळांत वैरभावाची भाषा सहज का फोफावते, याची कारणे सांगता येतील.
• दुखावणारे वाक्य उपयुक्त टीकेच्या रूपात पुन्हा लिहिता येईल.

६.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकांत तुम्ही साहित्यसमीक्षेच्या भाषेचा परिचय करून घेतला. परंतु समीक्षा केवळ ग्रंथांचीच होते असे नाही. शेतातील पेरणी, भजनातील चाल, स्वयंपाकातील मीठ, मैदानावरील खेळ या साऱ्यांविषयी आपण मत देतो आणि दोष दाखवतो. आजच्या तरुण पिढीच्या बाबतीत असे दोषदिग्दर्शन फार मोठ्या प्रमाणावर घडते ते मोबाइलवरील सामूहिक खेळांत. पबजी मोबाइल या खेळावर भारत सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये बंदी घातली. पुढे जुलै २०२१ मध्ये त्याचा भारतासाठीचा अवतार 'बीजीएमआय' या नावाने आला. चौघांचा संघ करून, कानाला हेडफोन लावून, एकमेकांशी बोलत खेळायचा हा खेळ आपल्या गावोगावी परिचित आहे. तुमच्यापैकी काही जण स्वतः तो खेळत असतील. काहींची मुले किंवा भाचे खेळत असतील. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांचा प्रश्न निराळा आहे. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने त्यांना मनाई केली आहे. येथे त्यांचा विचार केलेला नाही.

या खेळांतील बोलण्याविषयी दोन टोकाची मते ऐकू येतात. एक मत असे की, तेथे शिवीगाळ चालायचीच, ती मनावर घेऊ नये. दुसरे मत असे की, कोणी कोणाला लागेल असे बोलूच नये. ही दोन्ही मते अपुरी आहेत. ती का अपुरी आहेत, हे समजून घेण्यासाठी आपल्या जिल्ह्यातीलच एका परिचित कथेकडे वळू.

६.३ विषय-विवेचन

६.३.१ तेरची थापटी

धाराशिव जिल्ह्यातील तेर हे संत गोरोबाकाकांचे गाव. तेरणा नदीकाठी त्यांचे समाधिमंदिर आहे. वारकरी परंपरेत सांगितली जाणारी कथा अशी : गोरोबांच्या घरी संतमंडळी जमली असता मुक्ताबाईंनी तेथील थापटी पाहून ती कशासाठी, असे विचारले. मडके कच्चे की पक्के हे तपासण्यासाठी, असे उत्तर मिळाले. मग ही मडकीही तपासा, असे त्यांनी सुचवले. गोरोबांनी प्रत्येकाच्या मस्तकावर थापटी मारली. इतर संत शांत राहिले. नामदेवांना मात्र तो अपमान वाटला. तेव्हा हे मडके कच्चे आहे, असा निर्णय गोरोबांनी दिला. दुखावलेले नामदेव पंढरीला विठ्ठलाकडे गेले. विठ्ठलाने त्यांना गुरू करण्यास सांगितले आणि पुढे विसोबा खेचरांकडून त्यांना बोध झाला.

ही कथा श्रद्धेची आहे. आपण तिच्याकडे टीकाव्यवहाराचा नमुना म्हणून पाहू. त्यातून तीन गोष्टी हाती लागतात.

पहिली गोष्ट, ही टीका गोड नव्हती. नामदेवांना ती लागली, आणि चारचौघांत लागली. तरीही परंपरेने गोरोबांना नामदेवांचे वैरी मानले नाही. याचा अर्थ, ऐकणाऱ्याला दुःख झाले एवढ्यावरून टीका वैराची ठरत नाही. दुसरी गोष्ट, कसोटी सर्वांना सारखी होती; थापटी प्रत्येकाच्या मस्तकावर बसली, एकट्या नामदेवांना वेगळे काढले गेले नाही. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट 'कच्चे' या शब्दात आहे. कच्चे मडके म्हणजे फुटके मडके नव्हे. ते अजून भाजायचे आहे. 'कच्चा' हे विशेषण आजची अवस्था सांगते आणि उद्याची शक्यता मोकळी ठेवते. कथाही निर्णयापाशी थांबत नाही. ती नामदेवांना भट्टीपर्यंत, म्हणजे गुरूपर्यंत, पोहोचवते.

६.३.२ कच्चे मडके, कच्चा लिंबू आणि 'नूब'

हाच 'कच्चा' शब्द मराठी मुलांच्या खेळातही भेटतो. लपाछपीत किंवा पकडापकडीत एखादे लहान मूल सामील झाले की मोठी मुले त्याला 'कच्चा लिंबू' ठरवतात. ते बाद झाले तरी त्याच्यावर राज्य येत नाही. ते खेळात असते. मात्र खेळाचे नियम त्याला लागू नसतात. ही सूट प्रेमाची असते, पण तिला मर्यादा आहे. कच्च्या लिंबाला कोणी चूक सांगत नाही, म्हणून तो काही शिकतही नाही. काही दिवसांनी तेच मूल हट्टाने म्हणते, "माझ्यावरही राज्य द्या." आपली चूक मोजली जावी, हा खेळातील समान सहभागाचा मान आहे.

ऑनलाइन खेळांत नवख्यासाठी 'नूब' हा शब्द रूढ आहे. मुळात त्याचा अर्थ 'नवशिका' एवढाच होता. परंतु वापरता वापरता तो हिणवण्याचा शब्द झाला. तो ज्याला उद्देशून वापरतात, तो आज नवखा आहे असे सुचवले जात नाही. तो कायमचाच टाकाऊ आहे, असे सुचवले जाते.

यावरून तीन भूमिका वेगळ्या करता येतात :
(१) सूट : "राहू दे, नवीन आहे तो." येथे व्यक्तीला सांभाळले जाते, दोष झाकला जातो.
(२) विधायक टीका : "कच्चे आहे, भाजायला हवे." येथे दोष सांगितला जातो आणि व्यक्तीला मंडळीत ठेवले जाते.
(३) वैरभाव : "हे मडकेच नव्हे, फेकून द्या." येथे दोष हे निमित्त असते, व्यक्तीला बाहेर काढणे हा हेतू असतो.

टीका आणि वैर यांतील भेद आवाजाच्या पट्टीत किंवा शब्दांच्या गोडव्यात शोधू नये. समोरच्याला सुधारून पुन्हा खेळता यावे, अशी वाट त्या बोलण्यात आहे की नाही, यावर तो भेद ठरतो. हे या घटकाचे मध्यवर्ती सूत्र आहे.

६.३.३ वाक्याच्या रचनेतील खुणा

आता पुढील कल्पित वाक्ये वाचा. प्रसंग एकच आहे : जखमी सहकाऱ्याला उठवायला जाताना एका खेळाडूने आडोसा घेतला नाही आणि दोघेही बाद झाले.

(अ) "धूर न टाकता उठवायला आलास, म्हणून दोघेही गेलो. पुढच्या वेळी आधी धूर टाक."
(आ) "अरे, किती वेळा सांगायचं! मोकळ्यात पळू नको!"
(इ) "तू बिनकामाचाच आहेस. गेम काढून टाक."
(ई) "तुम्ही खेड्यातले लोक कशाला येता खेळायला?"
(उ) "वा, काय बुद्धी! आपणांस तर पदकच द्यायला हवं."

यांतील (अ) व (आ) ही टीकेची वाक्ये आहेत. (आ) मध्ये चीड आहे, तरी काय करू नये हे त्यात स्पष्ट आहे. (इ), (ई) व (उ) ही वाक्ये वैराकडे झुकतात. त्यांतील व्याकरणिक खुणा अशा :

क्रिया की स्वभाव? – (अ) मध्ये 'आलास' हे घडून गेलेल्या एका कृतीचे क्रियापद आहे. (इ) मध्ये 'आहेस' या क्रियापदाने एक विशेषण माणसाला कायमचे चिकटवले आहे. कृती बदलता येते. स्वभावावर मारलेला शिक्का पुसता येत नाही.

एकवचन की समूह? – (ई) मध्ये 'तू' चे 'तुम्ही लोक' झाले. हे आदरार्थी बहुवचन नव्हे. एका खेळाडूच्या चुकीचा दोष त्याच्या गावाला, बोलीला, जातीला, धर्माला किंवा स्त्रीत्वाला लावणारे हे बहुवचन आहे.

काळ कोणता? – टीका भूतकाळातील चुकीकडून भविष्यकाळातील उपायाकडे जाते. वैराच्या वाक्यांत 'नेहमीच', 'कधीच' अशी क्रियाविशेषणे पुष्कळ येतात आणि उपाय मात्र येत नाही.

शब्द सभ्य, अर्थ कोणता? – (उ) मध्ये एकही अपशब्द नाही. उलट 'आपणांस' असे आदरार्थी सर्वनाम आहे. तरीही चूक कोणती, हे त्यातून कळत नाही. केवळ अपशब्द गाळणाऱ्या यांत्रिक चाळणीतून असे वाक्य सहज सुटते.

६.३.४ पडद्यामागे वैर का वाढते?

मैदानावरील खेळाशी तुलना केली तर कारणे स्पष्ट होतात. आपला जिल्हा खो-खोसाठी ओळखला जातो. येथील सारिका काळे यांना २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोच्या मैदानावर प्रशिक्षकाचा आवाज चढतोच. पण खेळाडूचा चेहरा त्याला दिसत असतो आणि उद्या सकाळी त्याच मैदानावर दोघांची पुन्हा गाठ पडणार असते. अनोळखी सहकाऱ्यांसह खेळलेला मोबाइलवरील सामना मात्र साधारण अर्ध्या तासात संपतो आणि ती माणसे पुन्हा भेटतीलच असे नसते. नाव टोपणनाव असते, चेहरा दिसत नाही, म्हणून आपल्या शब्दाने समोरच्याचा चेहरा उतरला हेही कळत नाही.

मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४ मध्ये या प्रक्रियेचे विवेचन केले. पडद्यामागे माणसाचा नेहमीचा संकोच गळून पडतो, हा त्यांच्या मांडणीचा गाभा आहे. मराठीत आपण याला 'ऑनलाइन संकोचलोप' म्हणू. सुलर यांनी याची चांगली बाजूही सांगितली : संकोच गळाल्यामुळे काही माणसे अनोळखी व्यक्तीशी अधिक मोकळेपणाने आणि आपुलकीने वागतात. म्हणजे पडदा वैर निर्माण करतो असे नाही. तो आतले बाहेर येऊ देतो.

बोलून खेळण्याच्या पद्धतीत आणखी एक गोष्ट घडते. टोपणनाव लपवते ते आवाज उघड करतो. 'काय करायलास?' असे मराठवाडी रूप कानी पडले की बोलणाऱ्याचा प्रदेश कळतो. मुलीचा आवाज आला की ती मुलगी असल्याचे कळते. वैराला नेमके हेच निमित्त पुरते. मग अशी खेळाडू माइक बंद करून खेळते. संघाचा संवाद तुटतो आणि तिला शिकण्याची संधीही उरत नाही.

६.३.५ टीकेचा मुखवटा घातलेले वैर

कधी कधी वैर स्वतःला टीका म्हणवते. त्याची दोन उदाहरणे पाहू.

अमेरिकेतील अनिता सार्कीशियन यांनी २०१३ पासून व्हिडिओ खेळांतील स्त्रीचित्रणाची समीक्षा करणारी चित्रफीतमालिका प्रसिद्ध केली. ही कृतींची समीक्षा होती. तिच्याशी मतभेद असणे स्वाभाविक होते आणि काहींनी तो युक्तिवादाने मांडलाही. परंतु अनेकांनी युक्तिवादाऐवजी धमक्या दिल्या. ऑक्टोबर २०१४ मध्ये युटा राज्य विद्यापीठातील त्यांचे व्याख्यान गोळीबाराच्या धमकीमुळे रद्द झाले.

दुसरे उदाहरण आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणचे आहे. जानेवारी २०२० मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद येथे ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. नियोजित अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे ख्रिस्ती धर्मगुरू होते, या कारणावरून काहींनी त्यांच्या निवडीला विरोध केला; धमकीचे दूरध्वनीही आले. दिब्रिटो यांच्या लेखनावर, भाषेवर वा विचारांवर कठोर टीका करण्याचा अधिकार कोणत्याही वाचकाला होता. परंतु लेखकाची ओळखच आक्षेपाचा विषय झाली की ग्रंथ उघडण्याची गरज उरत नाही; तेथे समीक्षा संपते. संमेलन ठरल्याप्रमाणे पार पडले आणि अध्यक्षांनी आपले विचार मांडले.

खेळ असो वा साहित्य, परीक्षा एकच : आक्षेपाचे उत्तर कृती सुधारून देता येते काय? 'धूर टाकला नाहीस' या आक्षेपाला पुढच्या डावात उत्तर देता येते. 'तू अमुक गावचा, अमुक धर्माचा' या आक्षेपाला उत्तर नसते, कारण त्यात चूकच नाही.

६.३.६ उपाय : व्यवस्था आणि व्यक्ती

काही कंपन्यांनी नियमांद्वारे उपाय करून पाहिले. 'लीग ऑफ लेजंड्स' या खेळात २०११ मध्ये, तक्रार झालेल्या सामन्यांतील संभाषण वाचून खेळाडूंनीच निवाडा करावा, अशी सोय केली गेली. २०१२ मध्ये चांगल्या वागणुकीच्या सहकाऱ्याचा गौरव करण्याची सोयही आली. शिक्षेबरोबर कौतुकही हवे, ही दृष्टी त्यामागे होती.

व्यक्ती म्हणून तुम्ही पुढील क्रम पाळू शकता. टीका करताना आधी नेमकी कृती सांगा, मग तिचा परिणाम, मग उपाय. शक्य असेल तर डाव संपल्यावर सांगा. टीका ऐकताना स्वर बाजूला ठेवून, यात माझ्या कृतीविषयी काही आहे काय, हे पाहा. असल्यास चिडीच्या वाक्यातूनही ते उचला. नसल्यास उत्तर देण्यात वेळ घालवू नका. आवाज बंद करण्याची व तक्रार नोंदवण्याची सोय वापरा. जिवाची किंवा अब्रूची धमकी ही टीका नव्हे, ती कायद्याच्या कक्षेतील बाब आहे. तिचा पुरावा जपून ठेवावा आणि पोलिसांकडे जावे. घरातील मुलाने असे काही सांगितले तर आधी मोबाइल काढून घेऊ नका. तसे केल्यास पुढच्या वेळी तो सांगणार नाही.

६.४ सारांश

टीका कठोर असू शकते, आणि ती दुखावूही शकते. तिचे विधायकत्व तीन गोष्टींवर अवलंबून असते : ती कृतीविषयी असावी, सर्वांना सारख्या कसोटीने असावी आणि तिने सुधारणेची वाट मोकळी ठेवावी. सूट दोष झाकते. वैर माणसाला नाकारते. दोष सांगताच न येणारा संघ कच्चा राहतो, आणि वैर चालवून घेणाऱ्या संघातून शिकू पाहणारी माणसे निघून जातात. ऑनलाइन खेळांत चेहरा व पुढील भेट नसल्यामुळे संकोच गळतो. म्हणून तेथे भाषेची जबाबदारी वाढते.

६.५ शब्दार्थ

थापटी – मडके ठोकून घडवण्याचे कुंभाराचे लाकडी साधन.
राज्य येणे – मुलांच्या खेळात पकडण्याची किंवा शोधण्याची पाळी येणे.
संकोचलोप – बोलण्यावागण्यातील नेहमीचा संकोच नाहीसा होणे.

६.६ सरावासाठी स्वाध्याय

१. 'ऐकणाऱ्याला दुःख झाले एवढ्यावरून टीका वैराची ठरत नाही.' हे विधान गोरोबांच्या कथेच्या आधारे स्पष्ट करा.
२. 'कच्चा लिंबू' आणि 'कच्चे मडके' या दोन शब्दप्रयोगांतील भूमिकाभेद सांगा.
३. ६.३.३ मधील (इ), (ई) व (उ) ही वाक्ये विधायक टीकेच्या रूपात पुन्हा लिहा. यांपैकी कोणते वाक्य पुन्हा लिहिणे शक्य झाले नाही आणि का, ते नमूद करा.

६.७ क्षेत्रीय कार्य

तुमच्या परिसरातील एखादे मैदान, भजनी मंडळ किंवा मोबाइलवर एकत्र खेळणारा गट निवडा. तेथे चूक दाखवताना वापरली जाणारी दहा वाक्ये, बोलणाऱ्यांची नावे न लिहिता व त्यांच्या संमतीने, बोलीतील मूळ रूपात टिपून घ्या. त्यांचे सूट, विधायक टीका व वैरभाव असे वर्गीकरण करा. ज्या वाक्याविषयी निर्णय घेणे तुम्हाला कठीण गेले, त्याची चर्चा अभ्यासकेंद्रावरील संपर्कसत्रात करा.