कार्टून पाहायला वयाची अट?

प्रश्न : वय बेचाळीस. अजूनही टॉम अँड जेरी आवडीनं पाहतो, घरचे हसतात. हे पोरकट आहे का?

उत्तर : मुळीच नाही. १९४० मध्ये विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी टॉम-जेरीची जोडी आणली, ती चित्रपटगृहांतल्या सर्व वयांच्या प्रेक्षकांसाठी. या मालिकेनं सात ऑस्कर मिळवले. हॅना-बार्बेरा यांचीच ‘द फ्लिंटस्टोन्स’ ही मालिका १९६० मध्ये अमेरिकी दूरचित्रवाणीवर रात्री, मोठ्यांच्या वेळेत लागत असे. १९८९ मध्ये सुरू झालेली ‘द सिम्पसन्स’ तर कुटुंब, नोकरी, राजकारण यांवरच बोलते.

जुनी कार्टून्स पुन्हा पाहताना कारागिरी जाणवते. टॉम आणि जेरी क्वचितच बोलतात. विनोदाचा सगळा भार हालचालींवर आणि स्कॉट ब्रॅडली यांच्या संगीतावर असतो. टीव्हीसाठी काम करताना पैसा आणि वेळ कमी पडू लागला, तेव्हा चित्रांची संख्या घटली आणि संवाद वाढले. हा फरक लहानपणी कुठे कळतो?

आपल्याकडेही कार्टूनला मोठ्या कलाकारांचा हातभार लागला आहे. दूरदर्शनवरचं ‘जंगल बुक’ मूळचं जपानी, पण हिंदीत त्यातल्या शेरखानला आवाज होता नाना पाटेकर यांचा.

तेव्हा निःसंकोच पाहा, आणि हसणाऱ्या घरच्यांनाही शेजारी बसवा.