परदेशी फाउंडेशनचं अनुदान मित्राच्या वॉलेटवर घ्यावं का?

प्रश्न : आम्ही दहा जण दीड वर्षापासून एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर महिन्याला बैठक घेतो. ब्लॉकचेन म्हणजे काय, डिजिटल रुपया आणि बिटकॉइन यांत फरक काय, सरकारी नियम काय आहेत, हे सोप्या मराठीत समजावतो. गट नोंदणीकृत नाही. युरोपातल्या एका फाउंडेशनने अशा स्थानिक गटांसाठीच्या योजनेतून आम्हाला दोन हजार डॉलर मंजूर केले आहेत. रक्कम स्टेबलकॉइनमध्ये, म्हणजे डॉलरशी किंमत बांधलेल्या क्रिप्टो नाण्यांत, मिळणार आहे. आमच्यातला एक जण म्हणतो, ‘माझ्या वॉलेटवर घेऊ, विकू आणि कार्यक्रमांवर खर्च करू.’ रक्कम छोटी आहे, काम चांगलं आहे. तरी अडचण येईल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : येईल. वॉलेटचा पत्ता अजून कळवला नसेल तर कळवू नका.

परदेशी देणगीचा २०१० चा कायदा, ज्याला सगळे एफसीआरए म्हणतात, तो रकमेआधी देणारा कोण आणि घेणारा कशासाठी घेतोय हे पाहतो. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, आर्थिक किंवा धार्मिक कार्यक्रम चालवणाऱ्या कुणालाही केंद्रीय गृह मंत्रालयाची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय परदेशी देणगी घेता येत नाही. त्यात संस्था आली, तुमच्यासारखा गट आला आणि एकटा माणूसही आला. लाखाच्या आतलं चालतं, असं कुणीतरी सांगेल. ती सूट वैयक्तिक वापरासाठी भेट मिळालेल्या वस्तूंची आहे. दहा लाखांची जी मर्यादा कानावर येते, ती परदेशातल्या नातेवाइकांनी पाठवलेल्या पैशांची. अनुदानाला यांतलं काहीच लागू होत नाही.

स्टेबलकॉइन म्हणजे चलन नाही, म्हणून कायदाच लागत नाही, असाही युक्तिवाद होतो. पण कायद्याच्या व्याख्येत चलनाबरोबर वस्तूही आहे. या वादाचा निकाल तुमच्या गटावर लागावा, असं मला मुळीच वाटत नाही. दोष सिद्ध झाला तर पाच वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

शिवाय मित्राच्या मागे प्राप्तिकर लागेल तो वेगळाच. पन्नास हजारांहून जास्त किमतीची आभासी मालमत्ता फुकट मिळाली तर ती त्याचं उत्पन्न धरली जाते. ती विकून नफा झाला तर एप्रिल २०२२ पासून त्यावर सरसकट ३० टक्के कर आहे, आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून अशा व्यवहारांवर १ टक्का टीडीएस. हॉलचं भाडं आणि छपाईचा खर्च त्या नफ्यातून वजा होत नाही.

माझ्याकडे एका गटाचे खजिनदार आले होते. परदेशातून आलेलं अनुदान त्यांनी स्वतःच्या बचत खात्यात घेतलं होतं. पैसे कशासाठी आले, असं बँकेने विचारलं तेव्हा त्यांनी ‘घरखर्चासाठी’ असं लिहून दिलं. दोन वर्षांनी नोटीस आली. ते शंभर पानी वही घेऊन आले. तिच्यात झेरॉक्सच्या, फ्लेक्सच्या, वडापावच्या पावत्या तारीखवार डकवलेल्या होत्या. एकूण एक पावती खरी होती, पैसा कामावरच गेला होता. पण पहिल्याच कागदावरचं कारण खोटं होतं, आणि ती वही पुढे सरकवताना त्यांचा हात थरथरत होता. तुमच्या मित्रावर ही वेळ आणू नका.

एफसीआरए नोंदणी असलेल्या ओळखीच्या संस्थेत पैसे मागवून ते तुमच्याकडे वळवायचे, ही वाटही सप्टेंबर २०२० पासून बंद आहे. परदेशी देणगी दुसऱ्याला देता येत नाही.

सरळ मार्ग आहे तो पूर्वपरवानगीचा. त्यासाठी आधी संस्था नोंदवावी लागेल. १८६० च्या सोसायटी कायद्याला सात सभासद पुरतात, तुम्ही दहा आहात. महाराष्ट्रात तिची विश्वस्त संस्था म्हणूनही धर्मादाय कार्यालयात नोंद करावी लागते. मग फाउंडेशनचं रक्कम आणि प्रकल्प स्पष्ट सांगणारं पत्र, गृह मंत्रालयाकडे अर्ज, आणि स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या संसद मार्गावरच्या मुख्य शाखेत खातं. पैसे रुपयांत किंवा डॉलरमध्ये, त्याच खात्यात. कायमची नोंदणी तुम्हाला इतक्यात मिळणार नाही. तिला तीन वर्षं जुनी संस्था आणि त्या काळात केलेला किमान १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो.

पावणेदोन लाखांच्या आसपासच्या रकमेसाठी हे सगळं करावं का? माझं मत, यंदा नको. संस्था मात्र जरूर नोंदवा.

तोवर पैसा इथूनच उभा करा. तुमच्या गावचं कुणी दुबईला किंवा सिंगापूरला असेल आणि त्याचा पासपोर्ट भारतीय असेल, तर त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम परदेशी देणगी ठरत नाही. पासपोर्टची प्रत फाइलला लावा. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या नातलगाची देणगी मात्र परदेशीच, ओसीआय कार्ड असलं तरी. लोकांकडून वर्गणी काढणार असाल तर गणेश मंडळं घेतात तशी धर्मादाय कार्यालयाची कलम ४१ क ची परवानगी घ्या.

प्रश्न : एका भारतीय क्रिप्टो कंपनीनेही पैसे देऊ केले आहेत. ते घ्यावेत का?

उत्तर : भारतीय कंपनीने स्वतःच्या कमाईतून दिले तर एफसीआरएचा अडसर सहसा नसतो. तरी मी दोनदा विचार करीन, कारण तुमचं काम कुणाच्या पैशावर चालतं याला महत्त्व आहे. एक उदाहरण घ्या. गडचिरोलीच्या एटापल्ली उपविभागात २०२२ मध्ये जातीचे दाखले ब्लॉकचेनवर नोंदवायला सुरुवात झाली. नोंद चुकली तर दुरुस्ती कुठे मागायची, हे तिथल्या माणसाला कळायला हवं. तुमच्यासारख्या गटांची गरज मला तिथे दिसते. ज्याचं उत्पन्न लोकांनी नाणी विकत घेण्यावर अवलंबून आहे, त्याच्या पैशावर ते काम करायचं झालं तर तीन गोष्टी लेखी ठरवून घ्या. विषय आणि वक्ते तुम्ही निवडाल. कार्यक्रमात कुणाचंही खातं उघडलं जाणार नाही. आणि पैसे कुणी दिले, किती दिले, हे प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला सांगितलं जाईल. कंपनी याला तयार नसेल तर पैसे नाकारा.

फाउंडेशनला याच आठवड्यात पत्र पाठवा. भारतीय कायद्यानुसार पूर्वपरवानगीशिवाय रक्कम घेता येत नाही, वॉलेटवर काहीही पाठवू नये आणि शक्य असल्यास मंजुरी पुढच्या वर्षासाठी राखून ठेवावी, एवढं त्यात लिहा. त्या पत्राची प्रत आणि आलेलं उत्तर संस्थेच्या पहिल्या फाइलमध्ये लावून ठेवा.