देवराईची माती आणि उसाचे पाचट



गेल्या उन्हाळ्यात खोडव्याचे प्लॉट पाहण्यासाठी आम्ही काही सभासदांना घेऊन डोंगराकडच्या गटात गेलो होतो. वाटेत एक देवराई लागली. बाहेरचा माळ तव्यासारखा तापलेला, आणि आत पाय ठेवला तर खाली गादीसारखे मऊ. बरोबरच्या एका वयस्क सभासदांनी काठीने पाला बाजूला सारला, मूठभर काळी माती उचलली, नाकाजवळ नेली आणि मला विचारले, "साहेब, हिला शेणखत कोण घालतं? युरियाचं पोतं कोण टाकतं?"

बाकीची मंडळी हसली. पण प्रश्न थट्टेचा नव्हता. त्यांचा खोडवा गेली चार-पाच वर्षे उतरत चालला आहे. खताची पोती वाढली, पाणी वाढले, पण टनेज वाढत नाही. नांगर घातला की ढेकळे दगडासारखी निघतात. त्या दिवशी मी त्यांना घाईत अर्धेच उत्तर दिले. पूर्ण उत्तर सर्वांच्याच उपयोगाचे आहे, म्हणून ते आज येथे देत आहे.

जंगलाचे फिरते भांडवल

सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस फार. महाबळेश्वराला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो. एवढ्या पावसात जमिनीतली विरघळणारी अन्नद्रव्ये धुपून जातात. माती तांबडी, लोहाचे प्रमाण जास्त, आणि अशा मातीत स्फुरद घट्ट अडकून बसते. म्हणजे खोलातली ही माती काही फार श्रीमंत नसते. तरी तिच्यावर जांभूळ, अंजनी, हिरडा, ऐन असे दाट जंगल शेकडो वर्षे उभे राहते. हे कसे?

कारण जंगलाचे भांडवल खोल मातीत पडून नसते. ते झाडांच्या अंगात आणि वरच्या वीतभर थरात असते आणि सारखे फिरत राहते. सोसायटीचे पीककर्ज जसे भरले की पुन्हा उचलता येते, तसाच हा व्यवहार आहे.

पान पिकू लागले की झाड त्यातला निम्म्याच्या आसपास नत्र आणि स्फुरद परत आपल्या अंगात ओढून घेते आणि मग पान सोडते. पानझडीची झाडे उन्हाळ्याच्या तोंडाला मोकळी होतात, सदाहरित झाडे थोडी थोडी पाने वर्षभर टाकतात. उष्ण प्रदेशातील जंगलात असा साधारण ५ ते १० टन पाला वर्षाला हेक्टरी खाली येतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

वळवाचा पाऊस झाला की या पाल्यावर काम सुरू होते. गांडूळ, वाळवी आणि लहानसहान किडे पाला कातरतात. मग बुरशी आणि जिवाणू तो कुजवतात. देवराईत पाला हळूच उकरून पाहिला तर तीन थर दिसतात. वर अख्खी पाने, त्याखाली जाळी झालेला चुरा, आणि सर्वांत खाली चहाच्या भुकटीसारखी काळी, रवाळ माती. झाडांची बारीक मुळे या चुऱ्यातच घुसलेली असतात. कुजून अन्न सुटले की मूळ ते लगेच उचलते, पावसाला वाहून न्यायला फारसे काही उरत नाही.

देवराईत हे इतके चांगले दिसते, कारण देवाच्या धाकाने तिथले वाळके पानसुद्धा कोणी उचलत नसे. डॉ. माधव गाडगीळ आणि डॉ. वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास करून त्यांचे महत्त्व जगापुढे मांडले.

झाड मातीला साखर देते

आपण साखरेच्या धंद्यातली माणसे, म्हणून ही गोष्ट आपल्याला लवकर पटेल. झाड पानात साखर तयार करते आणि तिचा काही भाग मुळांवाटे मातीत सोडते. ही उधळपट्टी नसते. त्या साखरेवर मुळाभोवती जिवाणू आणि बुरशी पोसल्या जातात, आणि बदल्यात त्या झाडाचे काम करतात.

जर्मनीतील फ्रँक नावाच्या शास्त्रज्ञाने १८८५ साली मुळांना लपेटून राहणाऱ्या अशा बुरशीला 'मायकोरायझा' हे नाव दिले. त्याचा अर्थ 'बुरशी-मूळ'. तिचे तंतू केसापेक्षा बारीक असतात. जिथे मूळ शिरत नाही तिथे ते शिरतात, अडकलेले स्फुरद आणि पाणी आणून देतात, आणि मातीचे कण एकमेकांना बांधून ठेवतात. उसाच्या मुळांवरही या जातीची बुरशी राहते. पण रान पुन्हापुन्हा उलथेपालथे केले तर तिचे जाळे तुटते. स्फुरद गरजेपेक्षा जास्त टाकले तर पीकही तिला पोसत नाही.

नत्राचेही तसेच. पांगारा, करंज, शिरीष या झाडांच्या मुळांवर गाठी असतात. हॉलंडचा शास्त्रज्ञ बायरिंक याने १८८८ साली अशा गाठींतले जिवाणू वेगळे करून दाखवले. हे जिवाणू हवेतला नत्र झाडाला देतात. त्या झाडाचा नत्रयुक्त पाला खाली पडला की शेजारच्या झाडालाही त्याचा वाटा मिळतो.

शिवाय जुनी मुळे मेली की मातीत नळ्या राहतात. वर पाल्याचे पांघरूण असल्याने पावसाचा थेंब मातीवर आपटत नाही, तो नळीतून आत जिरतो. म्हणून देवराईजवळचा झरा पुष्कळदा उन्हाळ्यातही टिकतो.

मुळे मेली तर काय होते

याचा एक मोठा प्रयोग अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यात हबर्ड ब्रुक या ठिकाणी झाला. बोरमन, लायकन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ च्या अखेरीस डोंगरातल्या एका ओढ्याच्या पाणलोटातली, सुमारे १५.६ हेक्टरवरची, सगळी झाडे तोडली. लाकूड जागेवरच पडू दिले. जमीन नांगरली नाही, रस्ताही केला नाही. फक्त पुढची तीन वर्षे तणनाशक मारून नवे काही उगवू दिले नाही.

परिणाम काय झाला? पहिल्या वर्षी ओढ्याचे पाणी जवळजवळ ४० टक्क्यांनी वाढले. त्या पाण्यातले नत्र, म्हणजे नायट्रेट, न तोडलेल्या स्थितीच्या मानाने पहिल्या वर्षी ४१ पट आणि दुसऱ्या वर्षी ५६ पट झाले. त्याबरोबर चुना आणि पालाशही वाहून गेले.

पाला तर जागेवरच होता, मग नुकसान का झाले? कारण कुजण्याचे काम चालूच राहिले, अन्न सुटत राहिले, पण ते धरायला जिवंत मूळ नव्हते. फवारणी थांबल्यावर नवी झाडे उगवली आणि गळती पुन्हा कमी झाली. म्हणजे सेंद्रिय पदार्थ मातीत हवाच, आणि त्याच्यावर जिवंत मूळही हवे. ऊस मोडल्यावर रान उघडे ठेवून त्यात पावसाळा जाऊ देणे म्हणजे हाच प्रयोग आपण आपल्या खर्चाने करणे होय.

"मग आमचे आजोबा राब भाजत होते ते चूक?"

हा प्रश्न डोंगराकडचे सभासद हमखास विचारतात. राख पडली की नाचणी जोमाने येते हे खरे आहे. राखेत पालाश, चुना, थोडे स्फुरद तयार स्वरूपात असते. पण नत्र आणि गंधक यांचा मोठा भाग धुरात जातो, कर्ब तर जातोच. कुमरीच्या शेतीत दोन-तीन वर्षे पीक घेऊन ती जागा पुढे कित्येक वर्षे मोकळी सोडत असत. तेवढ्यात जंगल पुन्हा वाढून भांडवल भरून काढी. आजोबांचा हिशोब त्यामुळे जुळत होता. आपण उसाचे रान एक वर्षही मोकळे सोडत नाही, आणि काडी मात्र दर तोडणीनंतर लावतो.

येथे एक कबुली देतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मीसुद्धा बांधावर उभा राहून सभासदांना सांगत असे, "पाचट पेटवा, रान मोकळं करा, खोडवा लवकर फुटंल." तो सल्ला चुकीचा होता.

आता आपल्या उसाकडे या

एक हेक्टर उसातून साधारण ८ ते १० टन पाचट मिळते. मघाचा जंगलाचा आकडा आठवा. देवराईची झाडे वर्षभरात जेवढा पाला टाकतात, जवळजवळ तेवढाच पाला आपला ऊस तोडणीच्या वेळी आपल्याला देऊन जातो. देवराई तो ठेवते, आपण तो अर्ध्या तासात जाळतो.

पाचटात नत्र सुमारे ०.५ टक्के, पालाश ०.७ ते १ टक्का आणि सेंद्रिय कर्ब ३२ ते ४० टक्के असतो. एकरी ४ टन धरले तर नत्र २० किलो झाला, म्हणजे ४५ किलोच्या युरियाच्या जवळजवळ एका पोत्याएवढा. पालाश २८ ते ४० किलो. आणि कर्ब सव्वा ते दीड टन, जो कोणत्याही दुकानात पोत्यात मिळत नाही.

आता त्या वडीलधाऱ्या सभासदांच्या प्रश्नाचे राहिलेले अर्धे उत्तर. जंगलाला खत लागत नाही, म्हणून उसालाही नको, असे कोणी सांगत असेल तर ऐकू नका. देवराईतून काट्यावर काही जात नाही. आपल्या रानातून दर वर्षी गाड्या भरून ऊस जातो. त्याची भरपाई केलीच पाहिजे.

पण गेले काय, हेही नीट पाहा. शुद्ध साखरेत कर्ब, हायड्रोजन आणि ऑक्सिजन एवढेच असते. ते हवेतून आणि पाण्यातून आलेले आहे. साखरेच्या पोत्यातून तुमच्या जमिनीचे नत्र, स्फुरद, पालाश बाहेर जात नाही. ते पाचटात, वाढ्यात, प्रेसमडमध्ये, मळीत आणि बगॅसच्या राखेत राहते. पाचट रानात ठेवले आणि प्रेसमडचे खत परत रानात आले, तर जंगलाचा फेरा आपल्याकडेही बराचसा पुरा होतो.

नेहमीच्या शंका

"पाचट लवकर कुजत नाही." बरोबर. पाचटात एका भाग नत्राला ८० भाग कर्ब असतो. कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्र कमी पडते, आणि ते मातीतले ओढून घेतात, त्यामुळे ऊस पिवळा पडतो. म्हणून टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू संवर्धक टाकायचे.

"फुटवे येत नाहीत." पाचट बुडख्यावर राहिले तर येणार नाहीत. ते सरीत ओढा आणि बुडखे जमिनीलगत छाटा.

"पाणी पुढं सरकत नाही." पहिल्या पाण्याला वेळ लागतो. अडचण फार असेल तर पाचट एकाआड एक सरीत ठेवा. पाचट दबले की ओल जास्त दिवस टिकते.

"उंदीर होतात." आसरा मिळतो हे खरे. बांध स्वच्छ ठेवा, बिळांवर लक्ष ठेवा.

"शेजाऱ्यानं पेटवलं की आमचंही जातं." ही खरी अडचण आहे. म्हणून एका सलग तुकड्यातल्या सभासदांनी आधी एकत्र बसून ठरवावे.

रान पाणथळ किंवा चोपण असेल तर आधी चर काढून निचरा करा. पीक रोगट असेल तर खोडवा ठेवण्यापूर्वी गट कार्यालयात दाखवा.

या हंगामात एवढे करा

१. तोडणीनंतर पाचट पेटवू नका, सरीत दाबून बसवा.

२. एकरी ४ टन पाचटाला ३२ किलो युरिया, ४० किलो सुपर फॉस्फेट, ४ किलो जिवाणू संवर्धक टाकून पाणी द्या.

३. खोडव्याच्या बगला फोडू नका. रासायनिक खत वाफशावर पहारीने, बुडख्यापासून १० ते १५ सें.मी. अंतरावर, १५ ते २० सें.मी. खोल द्या.

४. ऊस मोडल्यावर रान उघडे ठेवू नका. ताग किंवा धैंचा पेरून फुलोऱ्यावर येताच गाडा.

५. हे दर वर्षी करा. पाचटातला बराच कर्ब कुजताना हवेत जातो, ह्यूमस म्हणून थोडाच उरतो. एका वर्षात देवराई होत नाही.

एक घरगुती परीक्षा सांगतो. बांधावरच्या जुन्या आंब्याखालचे एक वाळलेले ढेकूळ घ्या आणि एक उसाच्या रानातले घ्या. देवराईतली माती मात्र आणू नका, तिथले तिथेच राहू द्या. दोन्ही ढेकळे पाण्याच्या दोन ग्लासांत अलगद सोडा. बहुधा आंब्याखालचे टिकून राहील आणि रानातले विरघळून तळाशी चिखल होईल. पोराबाळांसमोर करा, उद्या रान त्यांनाच कसायचे आहे.

ज्यांनी देवराईत प्रश्न विचारला, त्या सभासदांनी यंदा वीस गुंठ्यांत पाचट ठेवले आहे, बाकीचे पेटवले. "आधी बघतो, मग बोलतो," म्हणाले. त्यांचे बरोबरच आहे. आपणही निदान वीस गुंठ्यांत करून बघा. पावसाळा सरला की शिवारफेरीत दोन्हीकडची माती हातात घेऊन आपण बोलू.

आपला,
ऊस विकास अधिकारी