पहिल्या शंभर कोटी वर्षांतली कृष्णविवरं

अतिदूरच्या क्वेसारांवर, म्हणजे वायू गिळताना झगमगणाऱ्या महाकाय कृष्णविवरांवर, काम करायला येणाऱ्या विद्यार्थ्यांना मी ज्या गोष्टी पुन्हा पुन्हा सांगते, त्या इथे मांडते आहे.

१. लाल ठिपका दिसला की आधी तो जवळचा तारा नाही ना, ते बघा.
ताम्रसृती ७ असेल, म्हणजे प्रकाशाची तरंगलांबी आठपट ताणली गेली असेल, तर हायड्रोजनची १२१.६ नॅनोमीटरची रेषा सरकून ९७३ नॅनोमीटरपाशी, अवरक्तात येते. तिच्याहून कमी तरंगलांबीचा प्रकाश वाटेतला हायड्रोजन शोषून घेतो. म्हणून दृश्य प्रकाशातल्या छायाचित्रांत जागा रिकामी, आणि अवरक्तात ठळक बिंदू. आपल्याच आकाशगंगेतले तपकिरी बटुतारे जवळपास असेच दिसतात, आणि त्यांची संख्या कितीतरी जास्त. ही गाळणी कंटाळवाणी वाटते, पण नजर तयार होते ती इथेच.

२. निकाल वर्णपटच देतो.
१९६३ साली मार्टेन श्मिट यांनी ३सी २७३ या क्वेसारच्या वर्णपटात १६ टक्के सरकलेल्या हायड्रोजनच्या रेषा ओळखल्या. अंतराचा याहून पक्का पुरावा आजही नाही.

३. वस्तुमानाचा आकडा त्रुटीसकट लिहा.
कृष्णविवराभोवतीचा वायू सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने फिरतो, त्यामुळे मॅग्नेशियमची रेषा रुंदावते. त्या रुंदीवरून आणि तेजस्वितेवरून वस्तुमान काढतात. उत्तर सहज दुपटी-तिपटीने इकडेतिकडे होऊ शकतं.

४. खरी अडचण वेळेची आहे.
हे गणित प्रत्येकाने एकदा स्वतःच्या हाताने करावं, असा माझा आग्रह असतो. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या जे ०३१३-१८०६ या क्वेसारची ताम्रसृती ७.६४. विश्व तेव्हा जेमतेम ६७ कोटी वर्षांचं, आणि कृष्णविवर १६० कोटी सूर्यांएवढं. आत पडणारा वायू तापून उजळतो आणि त्या प्रकाशाचा दाब पुढच्या वायूला बाहेर ढकलतो; वाढीवरची ही एडिंग्टन मर्यादा. ती गाठून अखंड खात राहिलं, तरी नेहमीच्या गृहीतकांनुसार वस्तुमान दुप्पट व्हायला ३ ते ३.५ कोटी वर्षं लागतात. मेलेल्या ताऱ्यातून उरलेल्या १०० सूर्यांच्या बीजापासून सुरुवात केली तर सुमारे २४ वेळा दुप्पट व्हावं लागेल. म्हणजे ७२ कोटी वर्षं तरी हवीत, आणि हाताशी असलेल्या ६७ कोटींतलाही काही काळ पहिले तारे पेटण्यातच गेलेला. हिशेब बसत नाही. एक तर बीज मोठं होतं, किंवा मर्यादा ओलांडून वाढ झाली.

५. सिद्धान्त मांडणाऱ्यांचं लेखन निरीक्षणाआधी वाचा.
वायूचा प्रचंड ढग तारा न होता थेट कोसळला, तर हजारो सूर्यांचं बीज एकदम मिळतं. प्रियंवदा नटराजन आणि सहकाऱ्यांनी अशा कृष्णविवराची दीर्घिका कशी दिसेल, ते २०१७ मध्येच लिहून ठेवलं होतं: कृष्णविवराचं वस्तुमान ताऱ्यांच्या एकूण वस्तुमानाच्या तोडीचं. २०२३ मध्ये चंद्रा आणि जेम्स वेब दुर्बिणींनी मिळून दाखवलेली यूएचझेड१ ही दीर्घिका त्या वर्णनाशी जुळते. मला मोठ्या बीजाचाच पक्ष पटतो. पण एका दीर्घिकेवर तो सिद्ध झाला असं मी म्हणणार नाही.

६. खोडदला विसरू नका.
धूळ दृश्य प्रकाश अडवते, रेडिओलहरींना नाही. नारायणगावजवळ खोडदला असलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने १५० मेगाहर्ट्झवर केलेल्या आकाशपाहणीतूनच एक अतिदूरची रेडिओ दीर्घिका हाती लागली. २०१८ मध्ये ती ५.७२ ताम्रसृतीची म्हणून जाहीर झाली. याहून दूरचा, पण पुरेसा प्रखर स्रोत मिळाला, तर त्याच्या लहरींत वाटेतल्या उदासीन हायड्रोजनची २१ सेंटिमीटरची शोषणरेषा शोधता येईल. ताम्रसृती ७ ला ती १७८ मेगाहर्ट्झच्या आसपास येते, म्हणजे जीएमआरटीच्या आवाक्यात. नव्या विद्यार्थ्यांना मी सध्या असे स्रोत हुडकायलाच बसवते.