घोणस पिल्ले देते, मग ती सस्तन का नाही?

प्रश्न : आमच्या शेतातल्या तुराट्यांच्या ढिगात घोणस निघाली. सर्पमित्राने ती पकडली आणि सांगितले की घोणस अंडी घालत नाही, पिल्ले देते. सातवीतल्या मुलाने लगेच विचारले, ‘‘मग ती सस्तन का नाही?’’ मला उत्तर देता आले नाही. वटवाघूळ उडते तरी पक्षी नाही, खवले मांजराच्या अंगावर खवले असूनही ते सरपटणाऱ्यांत नाही. हे वर्ग नेमके ठरवतात तरी कशावरून?
– एक वाचक, जठारपेठ, अकोला

उत्तर : मुलाने फार नेमक्या जागी बोट ठेवले आहे. ‘अंडी घालणारे’ आणि ‘पिल्ले देणारे’ ही विभागणी लक्षात ठेवायला सोपी असली, तरी ती प्राण्यांचा वर्ग ठरवत नाही. घोणस आणि फुरसे पिल्लांना जन्म देतात. नाग, मण्यार आणि धामण अंडी घालतात. पाचही सापच. उलट ऑस्ट्रेलियातला प्लॅटिपस अंडी घालतो आणि अंड्यातून आलेल्या पिल्लांना दूध पाजतो, म्हणून तो सस्तन आहे.

घोणशीची अंडी मादीच्या पोटातच वाढतात. एका वेळी बहुधा 20 ते 40 पिल्ले बाहेर येतात आणि त्याच घडीला आपापल्या वाटेने जातात. त्यांना पाजणारी, राखणारी आई नसते. सस्तन प्राण्याची ओळख मात्र दूधग्रंथी आणि अंगावरचे केस ही आहे. देवमाशाला केस अगदी थोडे, पण तेही असतात. याशिवाय खालच्या जबड्याची प्रत्येक बाजू एकाच हाडाची आणि कानाच्या आत तीन चिमुकली हाडे, ही सस्तनांची खूण सांगाड्यातही सापडते. घोणशीच्या जबड्यात अनेक हाडे असतात आणि कानात एकच.

आता वटवाघूळ. त्याचा पंख उजेडासमोर धरला तर आत चक्क हात दिसतो. वर नखाचा मोकळा अंगठा, खाली छत्रीच्या काड्यांसारखी लांबलेली चार बोटे आणि त्यांच्यामध्ये ताणलेली पातळ कातडी. पक्ष्याच्या पंखात बोटे तीनच उरली असून ती एकमेकांत जुळलेली असतात. उडण्याचा पृष्ठभाग पिसांचा असतो. वटवाघळाला एकही पीस नाही. अंगावर लव आहे, दात आहेत आणि मादी पिल्लाला छातीशी घेऊन दूध पाजते. मोठ्या फळखाऊ वटवाघळाला वर्षाला बहुधा एकच पिल्लू होते. स्वीडनच्या कार्ल लिनियसने 1758 साली ‘सस्तन’ हा वर्ग मांडला, तेव्हा या छातीवरच्या स्तनांमुळेच त्याने वटवाघळाला माणूस आणि माकडांच्या गणात बसवले होते. पुढे त्यांचा गण वेगळा झाला, वर्ग मात्र तोच राहिला.

खवले मांजराचे खवले म्हणजे आपल्या नखांच्याच द्रव्याचे, केराटिनचे, जाड पत्रे. पोटाकडे आणि खवल्यांच्या मधून केस असतात. मादी पिल्लाला दूध पाजते आणि शेपटीवर बसवून हिंडवते. म्हणून तेही सस्तनच.

सरपटणाऱ्यांची लक्षणे अशी : कोरडी, खवल्यांची त्वचा, फुप्फुसाने श्वास आणि बहुतेकांत तीन कप्प्यांचे हृदय, मगरीचे मात्र चार कप्प्यांचे. शरीराची ऊब ते बाहेरून घेतात, म्हणून सरडा सकाळी कुंपणावर ऊन खात बसतो आणि अकोल्यात मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला की दुपारी सावलीत, बिळात शिरतो. पक्षी आणि सस्तन अन्न जाळून आपली ऊब आतच तयार करतात. आपले तापमान 37 अंशांच्या आसपास, बहुतेक पक्ष्यांचे 40 अंश किंवा त्याहून थोडे अधिक. पिसे, दातांविना चोच, पोकळ हाडे आणि फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या ही पक्ष्यांची मिरास.

ही सारी लक्षणे पूर्वजांकडून आलेली आहेत आणि वर्गीकरणाचा खरा पाया तोच आहे. बाजारात दोघांची कापडाची दुकाने शेजारीशेजारी आहेत म्हणून ते भाऊ ठरत नाहीत, तसेच उडणे, सरपटणे किंवा पिल्ले देणे या सारखेपणावरून नाते ठरत नाही. सुमारे 32 कोटी वर्षांपूर्वी कवचाच्या अंड्यांच्या प्राण्यांच्या दोन शाखा झाल्या. एकीतून पुढे सस्तन आले. दुसरीतून कासव, पाल, साप, मगर, डायनोसोर आणि पक्षीही. त्यामुळे मगरीचे सर्वांत जवळचे जिवंत नातलग पाल किंवा साप नसून पक्षी आहेत. पुरावा घरचाच हवा असेल तर कोंबडीचा पाय पाहा, त्यावर खवले आहेत. दोन पायांवर चालणाऱ्या मांसाहारी डायनोसोरांच्या एका शाखेतून पक्षी निपजले. डायनोसोर आपल्या विदर्भातही होते. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याला अजस्र शाकाहारी डायनोसोरांची हाडे आणि दगड झालेली विष्ठा सापडली. त्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म अवशेष असल्याचे 2005 मध्ये प्रसिद्ध झाले आणि डायनोसोरांच्या काळात गवत होते, हे जगाला कळले.

शाळेच्या पुस्तकातले सरपटणारे, पक्षी, सस्तन हे तीन वर्ग अभ्यासाला सोयीचे आहेत, ते टाकून देऊ नयेत. पण आजचे शास्त्रज्ञ पक्ष्यांना सरपटणाऱ्यांच्याच वंशातली एक फांदी मानतात. मुलाला एवढे सांगा की नवा प्राणी दिसला तर तो काय करतो यापेक्षा त्याच्या अंगावर काय आहे आणि तो पिल्लांना काय पाजतो, हे आधी पाहावे.

आणि एक महत्त्वाची गोष्ट. घोणशीची पिल्ले बहुतेक मे ते जुलैमध्ये, म्हणजे ऐन पेरणीच्या दिवसांत जन्मतात आणि पहिल्या दिवसापासून विषारी असतात. पिल्लू लहान आहे म्हणून हात लावू नका, आईवर सूड म्हणून काठीही उगारू नका, सर्पमित्राला बोलवा. कुणाला दंश झालाच, तर वेळ न दवडता सरकारी रुग्णालय गाठा. घोणशीच्या विषावर प्रतिविष हाच उपाय आहे.